बागेतला उजवा कान

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. आज दुपारी पाऊण ते दीड या वेळात दोन गवंडी माझ्या उजव्या कानात बसून जेवले. जेवले ते जेवले, एकाने पाळीला डब्याची पिशवी अडकवली आणि दुसऱ्याने हात धुऊन आतच ताणून दिली. सत्तावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवताना ज्या कानाने हजारो अशुद्ध उच्चार निमूटपणे सोसले, त्याची उतारवयात ही संभावना. बागेच्या साहेबांकडे दाद मागायला गेलो, तर ते म्हणाले, "सर, कान तुमचा असला तरी जागा आमची आहे." या युक्तिवादात दोष काढता येईना, म्हणून परत आलो.

घाबरू नकोस, मूळ कान डोक्यालाच आहे. घराशेजारच्या बागेत, मोडक्या घसरगुंडीच्या जागी, मुलांसाठी खेळायचं शिल्प होतंय. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट. दोन पुरुष उंचीचा कान, आणि त्यात वळत वळत आत जाणारी वाट. ते घडवणाऱ्या शिल्पकार बाई नोव्हेंबरात नळाचं पाणी मागायला आपल्याकडे आल्या. मी तांब्या पुढे केला, तर त्या तांब्याकडे न बघता माझ्या डोक्याच्या बाजूला बघत राहिल्या.

"काका, जरा तिरके बसता का?"

"का बरं?"

"असाच कान शोधत होते. खोल आहे, पाळी रुंद आहे, आणि केस बेताचे आहेत."

लहानपणी तू याच कानांना सूप म्हणायचीस. आता बोल. त्यांनी चार बाजूंनी फोटो काढले, मातीचा नमुना केला. मी विचारलं, कान कशासाठी? तर म्हणाल्या, चालता न येणारी, न दिसणारी, ऐकू न येणारी, आणि उगाच धावत सुटणारी, अशी सगळी मुलं एकाच ठिकाणी खेळली पाहिजेत. कुणासाठी वेगळा कोपरा नाही.

"ऐकू न येणाऱ्यांसाठी कान बांधताय?" मी म्हटलं.

"त्यांना तर तो आधी कळेल. आत पितळी पडदा बसवणार आहे. बाहेरून कुणी बडवला की आतल्याच्या तळहाताला समजतं."

मला गप्प बसवणारी तुझ्यानंतरची ही दुसरी बाई.

राणीसरकार कशा आहेत? विचारायची सवय जात नाही. उत्तराची घाई नाही. तू लेकीला घेऊन गेलीस त्याला आठ वर्षं झाली, त्यात उत्तराची घाई तू कधी केलीही नाहीस.

तुझा
दादा

२४ जानेवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आलं. दर सहा महिन्यांनी तू "पत्र मिळालं. आम्ही ठीक." एवढंच लिहितेस. सूत्रकारांनी मान खाली घालावी असा संक्षेप. या वेळी मात्र पंधराच दिवसांत, आणि वर दोन वाक्यं जास्तीची: "कान तुझा? त्यांना दुसरा मिळाला नाही?"

मी ते पत्र तीनदा वाचलं. टोमणा आहे हे पहिल्याच वेळी कळलं. पुढच्या दोन वेळा नुसता वाचला.

आता इकडची हकिकत. शिल्पकार बाई रोज सकाळी हजर असतात. भुवयांवर सिमेंट, पायांत पुरुषी बूट, आणि हातात पातळशी थापी, जिने त्या कानाच्या कडा अशा गुळगुळीत करतात की मला माझ्याच कानाला हात लावून बघावासा वाटतो. गुरुवारी त्या कानाच्या अगदी आतल्या खोलीपाशी अडल्या होत्या. वळत आलेली वाट जिथे संपते ती ही जागा. तिथे एक मूल बसेल, भिंतीतल्या नळीला तोंड लावून कुजबुजेल, आणि ते बाहेर दुसऱ्या टोकाला ऐकू येईल.

"इथेसुद्धा नियमाने नव्वद सेंटीमीटर सोडते," त्या म्हणाल्या. "चाकाची खुर्ची आरामात येते."

मी म्हटलं, "नव्वद म्हणजे हमरस्ता झाला. आतल्या खोलीत मुलाचे दोन्ही कोपर दोन्ही भिंतींना टेकले पाहिजेत. त्याशिवाय आपण आत आहोत असं त्याला वाटत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

मग मी सांगितलं. स्वयंपाकघरामागचा बोळ तुला आठवतो. राणीसरकार खुर्ची त्यात घालायच्या, दोन्ही कोपर भिंतींना टेकवायच्या आणि ओरडायच्या, मग आपलाच आवाज ऐकून हसत सुटायच्या. तू पोळ्या लाटता लाटता "अगं कान फुटले" म्हणायचीस. मी घरी जाऊन बोळ मोजला. बासष्ट. खुर्चीची रुंदी मला पाठच होती, एकोणपन्नास. बसल्यावर जमिनीपासून गुडघा बेचाळीस. उजवा हात पुढे केला की पोचतो तो एकावन्नपर्यंत, डावा थोडा कमी. सगळं कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "कुणाची मापं इतकी पाठ आहेत तुम्हाला?"

"भाचीची."

"आणा की एकदा तिला."

"ती सध्या बाहेरगावी असते," मी म्हटलं.

"सध्या" हा शब्द फार सोयीचा आहे. आठ वर्षंसुद्धा त्यात मावतात.

बाईंनी खडू घेतला आणि नव्वदची रेघ पुसून बासष्टची ओढली. खरं सांगू, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझं ऐकलं.

दादा

१६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

या वेळी उत्तर नाही. हरकत नाही, टोमणे रोज सुचत नाहीत.

त्या बोलक्या नळीचं दुसरं टोक कुठे निघावं? आपल्या कुंपणाला लागून. माझ्या खिडकीपासून चार पावलांवर पितळी कर्णा, आणि त्याचं तोंड थेट माझ्या खाटेकडे. बाई म्हणाल्या, नळीला वळण द्यायला दुसरी जागाच नव्हती. उद्घाटन व्हायचं आहे, पण मुलं उद्घाटनासाठी थांबत नाहीत. रोज दुपारी अडीचला, म्हणजे ज्या क्षणी डोळा लागतो नेमक्या त्याच क्षणी, खोलीत आवाज येतो:

"कोणी आहे का?"

पहिले चार दिवस मी उशी डोक्यावर घेतली. पाचव्या दिवशी उठून बसलो. आवाज पुन्हा आला. घरात तसं कुणी काही विचारत नाही. सकाळी दूधवाला "किती" विचारतो, शाळेत शिपाई "सर, तास" म्हणतो. "कोणी आहे का" हा प्रश्न मला कित्येक दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी खिडकीतून वाकून कर्ण्यात म्हटलं, "आहे."

मग दहा-बारा मुलांचा गिल्ला, आणि एक बारीक आवाज:

"कोण बोलतंय?"

"कान."

"कानाला तोंड असतं का?"

"नसतं. म्हणून तर पंचाईत आहे."

"मग तू बोलतोस कसा?"

मी नुसता खाकरलो. ती म्हणाली, "बरं, उद्या सांग."

ही मुलगी जन्मापासून पाहू शकत नाही. भिंतीत फुटक्या फरशीचे तुकडे बसवले आहेत, आधी खरखरीत, मग गुळगुळीत, मग गोल गोट्यांचे. त्यावर हात ठेवून ती एकटी आत जाते. आतल्या खोलीत पोचली की तिच्या आईला जीव मुठीत धरावा लागतो आणि तिला स्वतःला धरायला काहीच लागत नाही. आता रोज अडीचला मी खिडकीशी खुर्ची ओढून बसतो. काल ती आली नाही. मी साडेतीनपर्यंत बसलो आणि मग स्वतःलाच म्हटलं, शहाण्या, तास एवढा वेळ कधी घेतला नाहीस.

वाट बघण्याचा विषय निघालाच आहे, तर तू पत्र बाजूला ठेवशील हे माहीत असून लिहितो. त्या दिवशी मी विसरलो, हे मी तुला शंभरदा सांगितलं आहे. पाठांतर स्पर्धेचा परीक्षक होतो, गडबड होती, विसरलो. चाळीस मिनिटं उशीर झाला असेल. राणीसरकार शाळेतून येऊन खाली पायऱ्यांशी खुर्चीत बसून राहिल्या, हे वाईटच झालं. पण तेवढ्यावरून महिन्याभरात घर सोडायचं?

असो. हे वाक्य खोडणार होतो. शाई वाळली.

दादा

४ मार्च

धाकटे,

काल उद्घाटन झालं. हारतुरे, भाषण, सगळं यथासांग. बागेच्या साहेबांनी फीत कापली आणि मुलं आत घुसली. पुढचं नीट क्रमाने लिहितो, नाहीतर मी ते मजेशीर करून टाकीन.

बाराएक वर्षांची एक मुलगी खुर्चीवरून आली. वाटेचा उतार छान होता, ती भराभर आत गेली. वळणं घेतली, पितळी पडद्याला हात लावला, बाहेरून दुसऱ्या एकाने बडवला तशी हसली. मग शेवटच्या खोलीत शिरली आणि अडकली. दोन्ही चाकं दोन भिंतींत रुतली. पुढे होईना, मागे होईना. तिच्यामागे मुलांची रांग, त्यामागे आया. कुणीतरी बाहेर ओरडलं, "मुलगी अडकली."

मी जवळच होतो. माझाच कान, मलाच आतली वाट पाठ. मुलांना बाजूला सारत पोचलो, वाकलो, आणि तिच्या काखेत हात घातले. उचलायला. सवयीने. आठ वर्षांत तसं कुणाला उचललं नव्हतं, पण हात विसरले नव्हते.

ती म्हणाली, "हात काढा."

"बेटा, मी फक्त..."

"मला काही झालेलं नाही. खुर्ची अडकली आहे. खुर्ची सोडवा."

मी हात काढले. अगदी शांतपणे बोलली गं. तू जाताना फाटकात उभी राहून जेवढ्या शांतपणे बोललीस तेवढ्याच. "दादा, तिला उचलून घ्यायला कुणी नकोय. तिला घरात यायचंय."

सळ्या जोडणारा वेल्डर आला. त्याने खटका दाबून एक चाक काढलं, खुर्ची तिरकी करून बाहेर घेतली, चाक परत बसवलं. मुलगी जागची हलली नाही, खुर्चीतच बसून होती आणि त्याला सूचना देत होती. "उजवीकडून धरा. नाही, माझी उजवी." सगळे मिळून वीस मिनिटं लागली. बाहेर आल्यावर तिने कानाकडे एकदा बघितलं आणि आईला म्हणाली, "लहान मुलांचा आहे हा."

सगळे गेल्यावर शिल्पकार बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. खिशातून माझा कागद काढला. घडीवर सिमेंटचे ठसे होते.

"काका, भाची किती वर्षांची तुमची?"

"सहा," मी म्हटलं.

"सहा?"

मग मी हिशेब केला. तू हसशील, पण तोपर्यंत मी तो खरोखर केलेला नव्हता. "चौदा," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. नियम होता, मी मोडला. तुम्ही इतक्या प्रेमाने सांगत होतात की मला वाटलं पोरगी पलीकडच्या खोलीत बसली आहे."

आज सकाळपासून त्या छिन्नीने भिंत फोडताहेत. नव्वदची करणार. प्रत्येक घाव माझ्या खाटेवर ऐकू येतो, कर्णा आहेच. तक्रार नाही.

एक विनंती. तिची आत्ताची मापं कळव. बाईंना हवी आहेत, असं मी लिहिणार होतो. त्यांना नकोत, त्यांनी आता नियमाचं पुस्तक उघडलं आहे. मलाच हवी आहेत. पाठ केलेलं चुकीचं आहे हे कळल्यावर योग्य पाठ मिळेपर्यंत मला चैन पडत नाही, हा धंद्याचा दोष समज.

दादा

२९ मार्च

प्रिय धाकटे,

पाकीट मिळालं. तुझं अक्षर फक्त पत्त्यावर. आतल्या कागदावर दुसरंच अक्षर होतं, थोडं डावीकडे झुकलेलं, वेलांट्या मोठ्या. मी ते कधी पाहिलं नव्हतं. ती गेली तेव्हा तिला जेमतेम "कमळ" लिहिता येत होतं.

कागद समोर ठेवून उतरवून घेतो, म्हणजे पाठ होईल. खुर्चीची रुंदी चौसष्ट, चाकांसकट. गुडघा त्रेपन्न. उजवा हात सत्तरपर्यंत, डावा सदुसष्ट. "डाव्यासाठी व्यायाम केला," असं कंसात. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली:

"मामा, सुट्टीत चार दिवस येऊ शकते. आईला चालेल. पण उचलायचं नाही. पायऱ्या असतील तर येणार नाही. उतार किती लांब करायचा ते तुला माहीत नसेल तर विचार."

मला माहीत नव्हतं. विचारलं. शिल्पकार बाई म्हणाल्या, एक इंच चढायला बारा इंच लांबी. आपल्या तीन पायऱ्या, प्रत्येकी अठरा सेंटीमीटर, म्हणजे चोपन्न. त्याला साडेसहा मीटर उतार. दारापासून फाटक पाच मीटरवर. म्हणजे सरळ उतरला तर राणीसरकार थेट रस्त्यावर. मी हे तोंडी मांडल्यावर बाई म्हणाल्या, "तर मग वळवायचा. त्या ओट्यावरून."

ओटा म्हणजे मी जिथे संध्याकाळी पुस्तक घेऊन बसतो तो. सोमवारी फोडला. माझ्या कानात जेवलेले तेच दोन गवंडी आले. ओटा फोडताना एकजण म्हणाला, "सर, बसायचं कुठे मग?" मी म्हटलं, "बघू." ते काल वडिलांच्या दगडी पायऱ्यांवर बसून जेवले. शेवटचे. आज त्या पायऱ्या उतारात गाडल्या गेल्या.

पायऱ्यांवर तू उतार मागत होतीस, तेव्हा मी म्हणायचो, वडिलांनी घडवून घेतलेला दगड आहे, कसा झाकायचा. आणि पुढे, "मी आहे ना उचलायला." दगडाचं कारण खोटं होतं. दुसरंही अर्धंच खरं होतं. मला उचलायला आवडायचं. दुपारी शाळेची गाडी यायची, तू कामावर असायचीस, ती खाली थांबायची, आणि मी दार उघडून बाहेर आलो की तिचा चेहरा वर व्हायचा. त्या चेहऱ्यासाठी मी पायऱ्या ठेवल्या. उतार झाला असता तर ती माझ्यासाठी कशाला थांबली असती?

आता तेही लिहितो, जे आठ वर्षं लिहिलं नाही. त्या दिवशी मी विसरलो नव्हतो. स्पर्धा दीडला संपली. मग चहा झाला, मग परीक्षकांचा सत्कार. पावणेतीनला मी घड्याळ पाहिलं. तिची गाडी सव्वादोनला येते हे मला ठाऊक होतं, आणि ती खाली असणार हेही. त्या वेळी अध्यक्ष माझ्याविषयी बरं बोलत होते. मी मनात म्हटलं, पाच मिनिटं. ती थांबेल, कुठे जाणार आहे? असंच म्हटलं. घरी आलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं नव्हे, दोन तास. समोरच्या शिंपीणबाईंनी नंतर सांगितलं की ती बराच वेळ दाराकडे बघून "मामा, आहेस का" अशी हाक मारत होती. त्यांना वाटलं मी आत आहे. मग ती थांबली. मी आलो तेव्हा तिचा चेहरा वर झाला नाही. मी उचलली, वर नेली. माझ्या गळ्यात तिने हात टाकले नाहीत.

तुला हे माहीत होतं का? मला नेहमी वाटतं, होतं. नाहीतर माणूस नुसत्या विसरण्यावरून घर सोडत नाही.

तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू सांगणार नसशील तर ती आल्यावर मी सांगेन. तिला ते त्या दिवशीच कळलं असणार असाही माझा अंदाज आहे.

उतार ओला आहे, त्यावर पोती टाकली आहेत. आठवडाभर पाणी मारायचं आहे, ते मी मारतो. ती पाहू न शकणारी मुलगी काल कर्ण्यातून म्हणाली, "काका, काय करतोयस?" मी कान नाही हे तिला आता कळलं आहे. मी म्हटलं, पाणी मारतोय. "कशाला?" म्हटलं, माझी भाची येणार आहे. "मग मी तिला कान दाखवते," ती म्हणाली. म्हणजे तेही काम गेलं.

हे चेष्टेने लिहिलं, पण चेष्टा नाही. खोलीत पलंग हलवला आहे, न्हाणीत धरायला दांडा बसवला आहे, बोळ बासष्टचाच आहे आणि त्यात ती आता मावणार नाही. बाकी सगळं होईल. ती फाटकातून येईल, ओट्याच्या जागेवरून वळेल आणि स्वतः वर येईल. मी दारात असेन. मला तिच्यासाठी एकच गोष्ट करता यायची, उचलता यायचं. ते आता करायचं नाही. मग तिला मी कशासाठी हवा असेन, हे मला कळत नाही. काळजी म्हणशील तर मला तेवढी एकच आहे.

तुझा
दादा